मानेचे दुखणे आणि कान-नाक-घसा : आधी कोणाला दाखवावे?

वर्धाकाठ

नमस्कार. माझ्या आईच्या दुखण्यावरून हा धागा काढत आहे. गावात चार घरी विचारल्यावर लक्षात आले की असेच दुखणे इतरांच्या घरीही आहे आणि तेही चुकीच्या वाटेने चालले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही आर्वी तालुक्यातले. आईचे वय ६३. गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या पहाटे कूस बदलताना ती एकदम ओरडली, "अरे बाप्पा, खाट फिरून रायली, धर मले!" मी दिवा लावला, तेव्हा तिने दोन्ही हातांनी खाटेचा काठ घट्ट धरला होता आणि डोळे मिटून घेतले होते. अर्ध्या मिनिटात फिरणे थांबले, नंतर उलटी झाली. पुढे हे रोजचेच झाले. उजव्या कुशीवर वळले की, फडताळावरचा डबा काढायला वर पाहिले की, चुलीपुढे वाकले की तेच.

तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावले. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी दवाखान्यात मानेचा एक्स-रे काढून सांगण्यात आले, की मणक्यात गॅप आहे, नस दबते, म्हणून चक्कर येते. आईने चाळीस वर्षे डोक्यावर चुंबळ ठेवून गवताचे भारे, सरपण आणि वेचलेल्या कापसाची गाठोडी वाहिली आहेत. तिची मान दुखतेही. त्यामुळे ते कारण आम्हा सर्वांना तत्काळ पटले. मानेचा पट्टा आला, चक्करच्या गोळ्या आल्या आणि त्या सहा महिने तशाच चालू राहिल्या. पट्ट्यामुळे पायाखालचे दिसेना, आणि तूर सोंगल्यावर उरलेल्या खुंटांमध्ये ती एकदा पडली. चौथ्या महिन्यापासून उजव्या हाताला कंप सुटला. चहाची बशी तोंडाशी नेईपर्यंत अर्धा चहा लुगड्यावर सांडत असे.

शेवटी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी पट्टा काढायला लावला, आईला टेबलावर बसवले, मान उजवीकडे वळवली आणि डोके टेबलाच्या काठाबाहेर किंचित खाली राहील अशा रीतीने तिला झटकन आडवे केले. तीन-चार सेकंद काहीच झाले नाही. मग तिची बुबुळे स्वतःभोवती गोल फिरल्यासारखी, वर उसळत हिसके देऊ लागली. मी समोर उभा राहून ते पाहिले. पंधरा-वीस सेकंदांत डोळे शांत झाले. "हा आजार कानातला आहे, मानेतला नाही," असे त्या म्हणाल्या. मग ठरावीक क्रमाने डोके फिरवून त्यांनी पाच मिनिटांत उपचारही केला. हाताचा कंप गोळ्यांमुळे असावा, असे सांगून त्यांनी त्या बंद केल्या. अडीच महिन्यांनी हात स्थिरावला.

माझा प्रश्न असा, की मानेचा आणि कान-नाक-घशाचा खरोखर काहीच संबंध नाही का? नसेल, तर इतके लोक मानदुखी आणि कानाची तक्रार एका दमात का सांगतात? आणि असेल, तर आधी कोणाला दाखवायचे, हे खेड्यातल्या माणसाने कसे ओळखावे?

गोंदण

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे आणि पूर्व विदर्भातील ग्रामीण रुग्णालयांत तपासणी शिबिरांसाठी जातो. वर्धाकाठ, संबंध आहे आणि तो शरीररचनेतच आहे. मात्र आपल्या आईच्या बाबतीत जो संबंध सांगितला गेला तो नव्हता.

आधी त्या चक्करबद्दल. अंतर्कर्णात तोल सांभाळणारी एक पिशवी असते, आणि तिच्यातील चिकट पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण बसलेले असतात. चंद्रपूरच्या सिमेंट कारखान्यांना जी चुनखडी लागते, तिचा मुख्य घटकही हाच. वयामुळे, डोक्याला मार लागल्यामुळे किंवा विशेष कारण नसतानाही हे कण सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. मग डोके एका विशिष्ट दिशेने वळले की ते नलिकेत घरंगळतात, आतला द्रव हलतो आणि मेंदूला चुकीची बातमी जाते की आपण गरगर फिरत आहोत. कण तळाशी बसले की चक्कर थांबते, म्हणूनच ती सहसा एका मिनिटाच्या आत संपते. व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी यांना अंतर्कर्णाच्या तोल-यंत्रणेवरील कामासाठी १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांनीच १९२१ मध्ये अशा चक्करचे वर्णन केले. डॉक्टर बाईंनी केलेली चाचणी डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये मांडली, तर डोके फिरवून कण परत पिशवीत नेण्याची पद्धत जॉन एप्ली यांची असून तिच्यावरील त्यांचा प्रसिद्ध लेख १९९२ चा आहे. या चाचणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, एक टेबल आणि पाहणारे दोन डोळे पुरतात. तरीही ती आपल्याकडे इतकी कमी केली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मानेवर आळ येतो त्याचे कारण साधे आहे. मान हलली म्हणजे डोकेही हलतेच, आणि डोके हलले म्हणजे कानातला द्रव हलतो. रुग्ण खरेच सांगतो की "मान वळवली की चक्कर येते", आणि ऐकणारा मानेकडे पाहतो. त्यात एक्स-रेची भर पडते. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या मणक्यांत झीज दिसते, कसलीही तक्रार नसलेल्यांच्यासुद्धा. जुन्या बैलबंडीचा आस झिजलेला दिसणारच, पण बंडी उलटण्याचे कारण तोच आस होता, हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही.

आता खऱ्या संबंधाकडे येतो. कान हा दिसायला लहान अवयव असला तरी त्याची संवेदना अनेक नसा वाटून घेतात. चेहऱ्याची व जबड्याची पाचवी मस्तिष्क नस, सातवी, घशाची नववी, स्वरयंत्रापासून पोटापर्यंत जाणारी दहावी, आणि त्यांच्या जोडीला मानेच्या दुसऱ्या व तिसऱ्या मणक्यांपाशी निघणाऱ्या नसा, एवढ्यांचा तिथे वाटा आहे. कान कोरताना काही जणांना ठसका लागतो, हे अनेकांनी अनुभवले असेल. तो ठसका म्हणजे कानाच्या नळीत दहाव्या नसेची शाखा असल्याचा घरबसल्या मिळणारा पुरावा आहे. दुखणे दाढेत, घशात, जिभेच्या मुळाशी किंवा मानेच्या वरच्या सांध्यात असेल, तरी मेंदू त्याचा पत्ता "कान" असा वाचू शकतो. कान दुखतो आणि कानाचा पडदा मात्र अगदी निरोगी दिसतो, तेव्हा आमची खरी तपासणी सुरू होते.

निंबोळी

डॉक्टर, आपले म्हणणे मान्य आहे, पण फिजिओथेरपिस्ट म्हणून मानेची बाजूही मांडते. नाही तर वाचणारे उद्यापासून प्रत्येक चक्कर कानाच्या खात्यावर टाकतील.

कवटीच्या तळाशी, मानेच्या वरच्या टोकाला जे लहान स्नायू आहेत, त्यांत ताण मोजणाऱ्या संवेदकांची दाटी शरीरातील इतर बहुतेक स्नायूंपेक्षा जास्त असते. डोके धडाच्या तुलनेत कुठे आहे, ही माहिती ते सतत मेंदूच्या तोलकेंद्रांना पुरवतात. कापूस वेचणाऱ्या बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. कमरेला ओटी बांधलेली, मान खाली घालून दोन्ही हातांनी बोंडे वेचण्याचे काम सकाळपासून दुपारपर्यंत, आणि संध्याकाळी तेच ओझे डोक्यावर. हे स्नायू आखडले की त्यांची माहिती कानाच्या व डोळ्यांच्या माहितीशी जुळेनाशी होते. अशा बायका "घर फिरते" असे सांगत नाहीत. त्या सांगतात की पाऊल कापसावर पडल्यासारखे वाटते, डोके हलके वाटते, अधांतरी वाटते. हे काही सेकंदांत संपत नाही, काही मिनिटे ते काही तास राहते, आणि मान जास्त दुखते त्याच दिवशी जास्त होते. मोटारसायकलवरून पडून मानेला झटका बसलेल्यांमध्येही असे दिसते.

ओळखण्यासाठी एक सोपी कसोटी आम्ही वापरतो. रुग्णाला फिरत्या स्टुलावर बसवायचे, त्याचे डोके आपण दोन्ही हातांनी स्थिर धरायचे आणि त्याला फक्त धड एका बाजूला वळवायला सांगायचे. यात मान पिळली जाते, पण डोके हलत नाही, म्हणजे कान जागच्या जागी राहतो. यानेही तेच अस्थिर वाटले, तर संशय मानेकडे जातो. मात्र मानेमुळेच चक्कर आहे असे छातीठोकपणे सांगणारी एकही चाचणी नाही. कान, डोळे, रक्तदाब, साखर, रक्तातील हिमोग्लोबिन आणि चालू असलेली औषधे पाहून झाल्यावर शेवटी उरते ते हे निदान. आपल्याकडे मात्र त्याचीच पाटी पहिल्या दिवशी लावली जाते.

पट्ट्याबद्दल आवर्जून लिहिते. अस्थिभंग, मोठी इजा किंवा शस्त्रक्रिया नसेल तर पट्टा थोडे दिवस पुरे. महिनोन्महिने लावल्यास मानेचे स्नायू अधिकच दुबळे होतात. हनुवटी किंचित आत घेऊन मानेच्या पुढच्या खोल स्नायूंना बळ देणारे व्यायाम, डोके हळूहळू वळवत नजर एका खुणेवर स्थिर ठेवण्याचा सराव, आणि ओझे एकाच वेळी न वाहता दोन खेपांत वाहणे, यांनी जास्त लाभ होतो. आमच्या बायकांना दोन खेपा करायला वेळ कुठे आहे, हा प्रश्न मलाही पडतो, पण म्हणून सांगायचे थांबवता येत नाही.

आणखी एक. कानातले कणही सुटलेले आहेत आणि मानही खरोखर आखडलेली आहे, अशी माणसे पुष्कळ असतात. अशांचे डोके मागे लटकवणे कठीण जाते. तेव्हा टेबल कलते करून तीच क्रिया करता येते, किंवा सेमों यांची १९८८ मधील पद्धत वापरता येते, जिच्यात संपूर्ण शरीर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर नेतात आणि मान मागे झुकवावी लागत नाही. प्रशिक्षित माणसाकडून शिकल्याशिवाय यांतले काही घरी करू नये.

संत्राबाग

मी वरुडकडचा, माध्यमिक शिक्षक आहे. माझे उदाहरण नाकाचे आहे. सहा वर्षे "सायनस" म्हणून वाफ घेतली, नाकात फवारे मारले, प्रतिजैविकांचे कितीतरी कोर्स झाले. दुखणे नेहमी डाव्या बाजूचेच असे. मानेच्या खोबणीत सुरू होऊन डोक्यावरून डाव्या डोळ्यामागे येऊन बसायचे. फळ्यावर लिहिताना मान वर केली की वाढायचे. नाक कधी विशेष वाहिले नाही, ताप आला नाही. शेवटी ऐन दुखण्याच्या दिवसांत नागपूरला सायनसचा सीटी स्कॅन काढला, तर सर्व पोकळ्या स्वच्छ निघाल्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनीच मला मानेसाठी पाठवले. चार महिने व्यायाम केल्यावर महिन्यातून आठ-दहा वेळा येणारे दुखणे एक-दोनदा येते. मानेचे दुखणे कपाळावर कसे पोहोचते, हे मात्र मला अजूनही नीट समजलेले नाही.

गोंदण

संत्राबाग, मेंदूच्या खालच्या टोकाला, मज्जारज्जूला लागून एक केंद्र आहे. कपाळ, डोळा, नाक आणि सायनस यांची संवेदना आणणारी पाचवी नस तिथे येते, आणि मानेच्या वरच्या तीन नसाही तिथेच येतात. दोन गावांचे पाणी एकाच नाल्यात उतरावे तसे हे आहे. पुढच्याला पाणी दिसते, पण ते कोणत्या शिवारातून आले हे सांगता येत नाही. म्हणून मानेचे दुखणे डोळ्यामागे जाणवते. कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत जाणारा जो जाड स्नायू मान वळवल्यावर उठून दिसतो, त्यातील ताणही कपाळात आणि कानात जाणवतो.

पण मायग्रेन विसरू नये. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असे समजणाऱ्या किंवा तसे निदान झालेल्या २,९९१ जणांपैकी ८८ टक्क्यांची डोकेदुखी मायग्रेनच्या प्रकारातली निघाली. मायग्रेनमध्ये मानही दुखते आणि नाकही चोंदते, त्यामुळे गोंधळ दुहेरी होतो. खऱ्या जंतुसंसर्गात बहुधा पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड, चोंदलेले नाक, वास न येणे किंवा ताप यांपैकी काही ना काही असते.

मोहफूल

हे लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. माझे वडील, वय ५८, गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या गावी शेती करतात. त्यांचा उजवा कान दुखू लागला. घरी लसूण घालून कढवलेले तेल कानात टाकले. मग दवाखान्यातून कानाचे थेंब आणले. थेंबांनी राहिले नाही तेव्हा एका ठिकाणी मानेचा एक्स-रे झाला, पाचव्या-सहाव्या मणक्यात गॅप निघाली आणि मानेच्या शेकाचे दहा दिवस झाले. असे तीन महिने गेले. त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, की गिळताना त्याच बाजूला काहीतरी टोचते आणि भाकरीचा घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावा लागतो. आणि कोणी विचारलेही नाही. बाबा वीस वर्षांपासून दिवसाला पाच-सहा पुड्या खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे घोटलेले मिश्रण, खातात, हेही कोणी विचारले नाही.

एका संध्याकाळी दाढी करताना त्यांच्या हाताला मानेत जबड्याखाली गाठ लागली. सुपारीएवढी होती, कडक होती, आणि दुखत नव्हती. नागपूरला नाकातून दुर्बीण घालून पाहिले तेव्हा घशाच्या खालच्या भागात कर्करोगाची वाढ सापडली. गाठ त्याचीच होती. किरणोपचाराच्या ३३ बैठका झाल्या, सोबत इंजेक्शने झाली. त्या सात आठवड्यांत आम्ही नागपुरात भाड्याची खोली घेऊन राहिलो. आज चौदा महिने झाले, बाबा आहेत. मऊ भात, वरण खातात. आवाज घोगरा झाला आहे.

त्या तीन महिन्यांत एकाने जरी "आ" करायला लावून बॅटरीने पाहिले असते, खर्रा खाता का असे विचारून पुढे पाठवले असते, तर गाठ होण्याआधी कळले असते का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

गोंदण

मोहफूल, आपण लिहिलेत हे फार चांगले केले. या धाग्यावरून एकच गोष्ट पुढे पाठवायची असेल, तर मी आपला प्रतिसाद पाठवेन. आधी आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो. घशाच्या खालच्या भागातील वाढ नुसत्या बॅटरीने दिसत नाही, तिला दुर्बीणच लागते. पण आपल्या बाबांच्या बाबतीत दुर्बिणीकडे पाठवण्याइतकी लक्षणे आधीपासून होती, हेही खरे आहे.

एका बाजूचा कान सतत दुखतो, कानात काही सापडत नाही आणि माणूस तंबाखू, खर्रा किंवा बिडी घेतो, तर तोंड, जिभेची मुळे, टॉन्सिल आणि स्वरयंत्राभोवतीचा घसा पाहिल्याशिवाय दुसरे कोणतेही निदान मान्य करू नये. एक्स-रेमध्ये मणक्यात झीज दिसली तरी करू नये. घशाच्या नवव्या आणि दहाव्या नसा कानात जातात, त्यामुळे कानदुखी हे अशा रोगाचे आरंभीचे लक्षण असू शकते. मानेतील गाठ दोन-तीन आठवड्यांत जिरली नाही, तर तीही दाखवलीच पाहिजे. आपल्याकडे मानेतील गाठी क्षयाच्याही पुष्कळ असतात, म्हणून गाठ म्हटली की कर्करोगच, असे घाबरू नये. सुई घालून पेशी तपासल्या की बहुधा उलगडा होतो.

खऱ्र्यात सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेले असतात. त्यातील सुपारीमुळे गालांच्या आतले अस्तर कडक होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जातात का, हे कोणीही घरी पाहू शकतो. जात नसतील तर त्याच आठवड्यात तपासणी करावी. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पानठेल्यावर पन्नीत खर्रा घोटला जातोच, हे आपण सर्व रोज पाहतो.

पऱ्हाटी

मी यवतमाळ जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. प्रशिक्षणात शिकलेल्या आणि पाहिलेल्या काही गोष्टी इथे जोडते.

कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत आम्हाला एक नस दाखवली जाते. माणसाने मान एका बाजूला वळवली की दुसऱ्या बाजूच्या मानेवर, कानाच्या पाळीकडे तिरकी चढणारी दोरीसारखी जाड रेघ कधीकधी दिसते. ही नस मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांकडून निघून कानाच्या पाळीला संवेदना देते, आणि कुष्ठरोगात ती सुजून जाड होते. गेल्या वर्षी मला असा एक मजूर सापडला. त्याची तक्रार एवढीच होती, की कानाची पाळी बधिर वाटते आणि मानेत नस "चढली" आहे. तो ती नस दर आठवड्याला चोळून घेत होता. पाठीवर पाहिले तर फिकट चट्टा होता, त्यावर स्पर्श कळत नव्हता. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले, मोफत औषध सुरू झाले. वर डॉक्टरांनी मान आणि कान यांच्या सामायिक नसेबद्दल लिहिले आहे, ती नस मी अशी डोळ्यांनी पाहिली आहे.

दुसरी गोष्ट लहान मुलांची. कान वाहणे आमच्याकडे इतके नेहमीचे आहे, की आया त्याला आजार मानत नाहीत. पण कान वाहणाऱ्या मुलाला ताप आला, डोके दुखू लागले आणि मान ताठ झाली, हनुवटी छातीला टेकेना, तर ती "उशी लागल्याची" मान नसते. पू मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेला असू शकतो. त्या रात्री १०८ ला फोन करायचा, सकाळची वाट पाहायची नाही.

आणि तिसरी फवारणीची. सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन खांदे व मान दुखते, म्हणून फवारणीनंतरच्या चक्करला लोक मानेशी जोडतात. चक्करसोबत घाम, तोंडाला पाणी सुटणे, उलटी, अंधुक दिसणे असेल, तर ती विषबाधा आहे. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्याने ते फार जवळून पाहिले आहे. कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन लगेच दवाखाना गाठायचा आणि औषधाचा डबा सोबत न्यायचा.

डॉक्टर, घशाच्या दुखण्यानंतर एखाद्या मुलाची मान वाकडी होते, त्याबद्दलही लिहावे. आमच्याकडे त्याला झटका देऊन मान बसवणारे लोक आहेत.

गोंदण

पऱ्हाटी ताई, हा प्रश्न फार मोलाचा आहे. घसा किंवा टॉन्सिलच्या संसर्गानंतर, क्वचित तेथील शस्त्रक्रियेनंतर, मुलाची मान एका बाजूला कलून अडकते. घशाच्या मागच्या भिंतीलगतच मानेचे पहिले दोन मणके आहेत. तिथली सूज त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध ढिले करते आणि पहिला मणका दुसऱ्यावरून सरकतो. फ्रान्सच्या ग्रिसेल यांनी १९३० मध्ये याचे वर्णन केले, त्यांच्याच नावाने हा विकार ओळखला जातो. अशा मानेला झटका दिला तर मज्जारज्जू दाबला जाऊन हातपाय लुळे पडू शकतात, म्हणून तिला कोणीही हात लावू नये. वाकड्या किंवा ताठ मानेसोबत मूल लाळ गाळत असेल, गिळत नसेल, आवाज दबलेला असेल, तर घशामागे पू साठल्याचा संशय धरावा, कारण त्यात श्वास कोंडू शकतो.

मोठ्यांनाही हेच सांगेन. दाढी-कटिंगनंतर मान कडकड मोडून घेण्याची सवय सोडावी. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात आणि अशा हिसक्याने त्यांचे आतले अस्तर फाटू शकते. हे क्वचित घडते, पण घडले तर पक्षाघात होतो. चक्करसोबत बोबडे बोलणे, दोन-दोन दिसणे, गिळताना ठसका, तोंड वाकडे होणे किंवा उभे राहता न येणे असेल, तर तो कानाचा किंवा मानेच्या झिजेचा विषय उरत नाही. थेट मोठे रुग्णालय गाठावे.

संत्राबाग

आणखी दोन शंका. माझ्या मोठ्या भावाच्या कानात रातकिड्यासारखा आवाज येतो आणि मान वळवली की तो आवाज बदलतो. दुसरे म्हणजे, आमच्या शेजारच्या आजोबांना मानेच्या पुढे वाढलेल्या हाडामुळे गिळता येत नाही, असे सांगण्यात आले आहे. असे होऊ शकते का?

निंबोळी

पहिल्याचे उत्तर मी देते. मान वळवल्याने, जबडा पुढे काढल्याने किंवा दात आवळल्याने आवाज कमी-जास्त होत असेल, तर त्यात मानेचा किंवा जबड्याचा वाटा असू शकतो, कारण ऐकण्याच्या मार्गातील पहिल्याच थांब्यावर या भागांच्या नसांचे धागे येऊन मिळतात. अशांना मानेच्या उपचाराने काही प्रमाणात आराम पडतो. तरीही आधी ऐकण्याची तपासणी करावीच. आवाज एकाच कानात असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर विशेषच. आणि एका कानाचे ऐकणे एक-दोन दिवसांत अचानक गेले असेल, तर ती घाईची बाब आहे, कारण तिथे पहिल्या काही दिवसांतच औषधाचा उपयोग होतो.

गोंदण

दुसऱ्याचे उत्तरही "होय" असेच आहे. मणक्यांच्या पुढच्या बाजूला वाढलेली हाडाची चोच अन्ननलिकेला मागून रेटते, आधी भाकरीसारखे कोरडे अन्न अडते, पुढे मऊही. वयस्क पुरुषांत हे अधिक दिसते. असाच एक प्रकार कानाखालच्या सुळक्यासारख्या हाडाचा आहे. ते हाड साधारणपणे अडीच सेंटिमीटरचे असते. ते फार लांब वाढले तर मान वळवताना आणि गिळताना घशात टोचते, कान दुखतो. वॉट ईगल यांनी १९३७ मध्ये हे दाखवून दिले. मात्र गिळण्याचा त्रास असलेल्या आजोबांच्या घशाची आणि अन्ननलिकेची दुर्बिणीने तपासणी झाली आहे का, हे आधी विचारा. हाडाची चोच एक्स-रेत दिसली, म्हणून शोध तिथेच थांबू नये.

वर्धाकाठ

सर्वांचे आभार. आईला मागच्या महिन्यात पुन्हा एकदा तशीच चक्कर आली. या वेळी ती घाबरली नाही. कोणत्या कुशीवर आली, किती वेळ टिकली, हे तिने स्वतः सांगितले. आम्ही थेट त्याच डॉक्टर बाईंकडे गेलो आणि दुपारच्या एसटीने परतलो. रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघाले, ते भरून काढल्यास पुन्हा येण्याचे प्रमाण घटते, असे त्यांनी सांगितले.

मोहफूल यांचा प्रतिसाद मी काल आमच्या ओसरीवर मोठ्याने वाचला. माझे काका दीड महिन्यापासून डाव्या कानाला हात लावून बसतात आणि मानेला मलम चोळतात. वाचून झाल्यावर मी त्यांना तीन बोटे तोंडात घालून पाहायला सांगितले. दोनच गेली. ते खर्रा खातात. सोमवारी त्यांना घेऊन निघतो आहे. डॉक्टर, सोबत काय न्यावे?

गोंदण

आधारकार्ड, रेशनकार्ड आणि आतापर्यंतचे सर्व कागद, मानेचा एक्स-रे काढला असेल तर तोही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अशा उपचारांची सोय आहे. पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला, भेटून नाव नोंदवा. कानात तेल किंवा थेंब टाकू नका. खिडकीवर चिठ्ठी काढताना "मान दुखते" असे सांगू नका, नाही तर हाडांच्या विभागात पाठवतील. "दीड महिन्यापासून एक कान दुखतो, तोंड कमी उघडते, खर्रा खातात" एवढेच सांगा आणि कान-नाक-घसा विभागाची चिठ्ठी मागा. दुर्बिणीने घसा पाहिला का, हे तिथून निघण्यापूर्वी विचारा. काय सांगितले ते सोमवारी रात्री इथे लिहा, मी वाट पाहतो.